बर्फाखालच्या वॉलआयसाठी दोरा कोणता? आधी तुम्ही कुठे बसणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लहानपणापासून मालवणात गरवलेलं, आता नोकरी मिनियापोलिसात. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मित्रांबरोबर गोठलेल्या मिल लॅक्स तळ्यावर पॉप-अप तंबू लावून, बर्फात भोक पाडून पहिल्यांदा गरवायला बसलात. रीलवर 10 पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा होता. दोऱ्यावर आणि रॉडच्या कड्यांत बर्फ साचला, सोनारवर, म्हणजे बर्फाखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्रावर, मासे आमिषापर्यंत येऊन परत जाताना दिसले, आणि लागलेले दोन्ही वॉलआय (इथल्या तळ्यांतला, खाण्यासाठी पकडला जाणारा मासा) भोकाच्या तोंडाशी सुटले. या हिवाळ्यात पुन्हा मिल लॅक्स आहेच, शिवाय फेब्रुवारीत लेक ऑफ द वूड्स या तळ्यावर तीन दिवस भाड्याच्या गरम शॅकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या खोपटात, राहायचं आहे. तर दोरा कोणता घ्यावा आणि किती पौंडी?

मी इथे बावीस हिवाळे बर्फावर काढलेत. त्यावरून सांगतो, तुमचा दोरा वाईट नव्हता, तो चुकीच्या जागी वापरला गेला. आपण सगळे आधी माशाचं वजन डोळ्यांपुढे आणतो आणि त्यावरून दोरा निवडतो. बर्फावर हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी बघायचं, तुम्ही उघड्यावर बसणार की शेगडी असलेल्या शॅकमध्ये. मग हातातली रॉड हलवायची आहे की नुसती टेकवून ठेवायची आहे. मग पाणी किती खोल आणि किती नितळ. माशाचं वजन सगळ्यात शेवटी.

वजनाचं आधी बोलून टाकतो, म्हणजे ती काळजी जाईल. मिनेसोटातला आजवरचा विक्रमी वॉलआय 17 पौंड 8 औंसांचा, 1979 साली सीगल नदीत मिळालेला. तुमच्या भोकातून येणारे बहुतेक मासे एक ते तीन पौंडांचे असतील, पाच पौंडांचा आला तर फोटो काढाल. 6 पौंडी म्हणजे जवळपास पावणेतीन किलोचा ताण सहन करणारा दोरा, पाण्यात तरंगत्या माशाला आणि नीट लावलेल्या ड्रॅगला (मासा ओढू लागला की दोरा बेताने सोडणारा रीलचा ब्रेक) पुरून उरतो. मालवणात खडकावरून हाताने गरवताना आपण जाड तंगूस घेतो, कारण तिथे ड्रॅग म्हणजे आपला तळवा आणि दोरा कालवांच्या धारेवर घासतो. ती सवय इथे अर्धी सोडावी लागते. अर्धीच का, ते पुढे घासण्याच्या मुद्द्यावर येईल.

आता उघड्यावर बर्फ का चढतो ते बघू. ब्रेडेड दोरा पॉलिएथिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा विणलेला असतो. तंतू स्वतः पाणी पीत नाहीत, पण विणीच्या फटींत पाणी धरून राहतं. भोकातून दोरा वर आला की ते पाणी उणे 15 अंशांच्या हवेत काही क्षणांत गोठतं. मग दोरा काटकीसारखा ताठ होतो, टोकाचं कडं बुजतं आणि मासा पळायला लागला की ड्रॅग सैल असूनही दोरा सुटत नाही. बर्फासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्रेडेडवर मेणासारखा लेप असतो, त्याने फरक पडतो, पण लेप झिजतो. तंबूत छोटी शेगडी लावली तरी दार उघडझाप होत असतं आणि भोक बदलायला आपण बाहेर येतोच.

नायलॉनचा एकतंतू दोरा, म्हणजे आपला तंगूस, बाहेरून गुळगुळीत असतो. पाणी त्यावरून ओघळून जातं. कड्यांत बर्फ त्यावरही साचतो, पण बराच कमी, आणि दोन बोटांत धरून ओढला की पापुद्रा निघून जातो. म्हणून मिल लॅक्सच्या तंबूसाठी माझं उत्तर सरळ आहे: 6 पौंडी नायलॉन, तोही बर्फासाठी बनवलेला मऊ जातीचा. उन्हाळ्याचा उरलेला दोरा भरू नका. थंडीत साधा नायलॉन कडक होतो आणि बर्फाच्या छोट्या रीलवर गुंडाळला की स्प्रिंगसारखी वेटोळी धरून बसतो. सकाळी पहिल्यांदा सोडताना दहा-पंधरा फूट दोरा हाताने हळूहळू ताणून घ्यायचा, वेटोळी बरीच मोडतात.

कड्यात बर्फ साचला तर टोक भोकातल्या पाण्यात बुडवून थोडं हलवा. बर्फाखालचं पाणी शून्याच्या थोडं वरच असतं, तेवढ्याने कडं मोकळं होतं. नखाने किंवा दाताने खेचू नका, टोकाच्या कड्यातली चिनीमातीची रिंग निखळते आणि उघडी पडलेली धातूची कड दिवसभर दोरा कापत राहते.

नायलॉनचा दोष म्हणजे तो ताणतो. पंधरा-वीस फुटांवर हे जाणवत नाही. तीस फुटांवर मात्र 28 इंची रॉडने तुम्ही झटका देता तेव्हा त्यातला बराचसा दोऱ्याच्या ताणातच जिरतो, गळापर्यंत थोडाच पोचतो. तिथे ब्रेडेडचं काम सुरू होतं, कारण तो जवळजवळ ताणतच नाही. तीस फुटांवरून माशाने आमिषाला नाक लावलं तरी हाताला कळतं.

म्हणून तुमचा तो 10 पौंडी ब्रेडेड फेकू नका. तो लेक ऑफ द वूड्सचा दोरा आहे. तिथे शॅक गरम असते, भोकं शॅकच्या आत असतात, त्यामुळे दोरा गोठण्याचा प्रश्नच येत नाही. पाणी साधारण तीस फुटांच्या आसपास खोल, आणि रेनी नदीतून येणारं, चहाच्या रंगाचं, फारसं नितळ नाही. न ताणणारा, बारीक दोरा याहून चांगल्या जागी वापरता यायचा नाही. वेष्टनावर पौंडांच्या शेजारी व्यास दिलेला असतो तोही वाचत जा. 10 पौंडी ब्रेडेड जाडीला दोन-तीन पौंडी नायलॉनएवढाच भरतो, त्यामुळे हलकी आमिषंही पटकन तळाला जातात. एकच गोष्ट आधी करा: रीलवर तळाशी काही फेरे नायलॉनचे देऊन त्याला ब्रेडेड बांधा. नाहीतर गुळगुळीत रिळावर ब्रेडेडचा अख्खा गुंडाळा गरगर फिरतो आणि ड्रॅग खराब झालाय असं वाटत राहतं.

ब्रेडेडच्या टोकाला फ्लुरोकार्बनचा लीडर हवाच, म्हणजे मुख्य दोरा आणि आमिष यांच्यामधे जोडायचा वेगळ्या प्लास्टिकच्या एकतंतू दोऱ्याचा तुकडा. गेल्या वर्षी तुम्ही आमिष थेट ब्रेडेडला बांधलं होतंत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. फ्लुरोकार्बन पाण्यात अदृश्य होतो असं जाहिरातीत म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा 1.42 च्या आसपास आणि नायलॉनचा त्याहून बराच जास्त. म्हणजे तो नायलॉनपेक्षा कमी चमकतो, नाहीसा होत नाही. मला तो वेगळ्या कारणांसाठी आवडतो. तो ताठ असतो, त्यामुळे स्पून, म्हणजे धातूचं चमच्यासारखं आमिष, खाली पडताना दोरा गळात अडकत नाही. पाण्याच्या पावणेदोन पट जड असतो, म्हणून सरळ खाली जातो. पाणी पीत नाही. आणि घासणं नायलॉनपेक्षा चांगलं सोसतो.

आता घासण्याबद्दल. फेब्रुवारीत लेक ऑफ द वूड्सचा बर्फ दोन-अडीच फूट जाड सहज असतो. ऑगरने (बर्फात भोक पाडायच्या गिरमिटाने) पाडलेल्या भोकाची खालची कड करवतीसारखी असते. मासा आडवा पळाला की दोरा त्या कडेवर घासतो. मिल लॅक्समध्ये त्यात झेब्रा शिंपल्यांची भर पडलीय. 2005 साली ते तिथे सापडले आणि आता खडकाळ तळावर त्यांचा थर आहे. आपल्या कालवांची छोटी भावंडंच समजा, धार तशीच. माझा आठ पौंडांच्या वरचा एक वॉलआय असा गेला. आदल्या माशाने दोरा कडेवर घासला होता, मी तो बघितला नाही आणि पुढच्या माशाला तसाच सोडला. तुटलेलं टोक हातात आलं तेव्हा एक इंचभर दोरा पांढुरका, पिसं निघालेला होता. तेव्हापासून प्रत्येक माशानंतर शेवटचे तीन फूट ओठांवरून फिरवून बघतो. गारठलेल्या बोटांना खरखर कळत नाही, ओठांना कळते. जरा शंका आली तर कापून पुन्हा गाठ. आणि मासा पळत असेल तेव्हा रॉडचं टोक भोकातल्या पाण्यात खाली घाला, म्हणजे दोरा बर्फाच्या कडेऐवजी कड्यावर वळतो.

ब्रेडेडलाही तोच नियम, उलट जास्तच. तो ओढायला मजबूत असला तरी धारेवर घासला की नायलॉनपेक्षा लवकर जातो. त्याच्या आणि धारेच्या मधे फ्लुरोकार्बन यावा हेही लीडरचं एक कारण.

लीडर किती लांब? दोन फूट. त्याच्या वर छोटं स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकं स्वतंत्र फिरणारी धातूची जोडकडी. स्विव्हल टोकाच्या कड्यातून आत जात नाही, म्हणून लीडर रॉडपेक्षा आखूडच हवा, नाहीतर मासा भोकात असताना हात पोचत नाही आणि ठेंगण्या शॅकमध्ये रॉड वर उचलायलाही जागा नसते. वीस-चोवीस इंच बरोबर बसतं.

हे स्विव्हल तुमच्या दुसऱ्या तक्रारीचं खरं उत्तर आहे, म्हणून यावर थोडं थांबतो. मासे आले, आमिषाशी थांबले आणि गेले. तुम्ही दोष दोऱ्याच्या दिसण्याला देताय. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा दोष पिळाचा असतो. स्पिनिंग रीलवर दोरा स्थिर रिळाभोवती गुंडाळला जातो, त्यात पीळ पडतोच. मासा दोरा ओढून नेतोय, ड्रॅग सुटतोय आणि आपण त्याच वेळी हँडल फिरवतोय, असं झालं की तो झपाट्याने वाढतो. मग तुम्ही स्पून हलवून थांबता आणि स्पून जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरू लागतो. वर तंबूत तुम्हाला ते दिसत नाही. खाली वॉलआय जवळ येतो आणि अखंड गोल फिरणाऱ्या वस्तूपासून दूर होतो. एकदा नितळ, उथळ पाण्यात कॅमेरा सोडून बघा, पटेल. स्विव्हल लावलं की पीळ तिथेच जिरतो आणि आमिष शांत लटकतं. आणि मासा ड्रॅग ओढत असेल तेव्हा हँडल धरून ठेवा, फिरवू नका.

दोऱ्याच्या दिसण्याला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. मिल लॅक्सचं पाणी आता बरंच नितळ आहे. भर दुपारी बर्फावर हिम नसेल तर खाली चांगला उजेड असतो, तेव्हा 6 पौंडी नायलॉनपुढे 6 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर फरक पाडतो. पण वॉलआयचा डोळाच बघा ना. त्याच्या दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसा. त्यामुळेच तो डोळा दुधाळ, चमकता दिसतो आणि माशाचं नावही त्यावरूनच पडलं. हा मासा अंधूक उजेडात शिकार करायला बनलेला. सूर्य मावळण्याच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास हीच खरी वेळ, आणि त्या वेळी दोऱ्याच्या रंगावर तो फारसा थांबत नाही. तुमचे मित्र चार वाजता गाशा गुंडाळत असतील तर दोरा बदलण्याआधी तेवढं बदला.

आता भोकाच्या तोंडाशी सुटलेले दोन मासे. न ताणणारा दोरा, कडक रॉड आणि घट्ट ड्रॅग, तिन्ही एकत्र आले की गळ माशाच्या तोंडात भोक मोठं करत जातो. मग वर आल्यावर डोकं हलवलं की गळ निसटतो. नायलॉनचा ताण ही चूक झाकतो, ब्रेडेड झाकत नाही. ब्रेडेड वापरणार असाल तर रॉड टोकाला मऊ घ्या आणि ड्रॅग लीडरच्या ताकदीच्या पाव भागाच्या आसपास लावा. तो घरात लावून निघू नका. रीलमधलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, घरात गुळगुळीत सुटणारा ड्रॅग बर्फावर आधी अडतो आणि मग हिसक्याने सुटतो. भोकाशी बसल्यावर हाताने ओढून बघा आणि दर तासाला पुन्हा बघा. मासा भोकाशी आला की घाई करू नका. त्याचं डोकं भोकात वळेपर्यंत ताण कायम ठेवा, मग एकाच संथ हालचालीत वर.

दुसऱ्या रॉडविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण मिनेसोटात हिवाळ्यात बर्फातून दोन दोरे टाकायची मुभा आहे, ती वापरा. एक रॉड हातात, हलवायची. दुसरी टेकवून ठेवायची, तिला जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, लावलेला. या दुसऱ्या रॉडवर ब्रेडेड मुळीच नको. वॉलआय मिनो तोंडात ओढून घेतो, क्षणभर थांबतो, मग गिळायला लागतो. त्या क्षणी दोरा ताठ लागला तर थुंकून टाकतो. मऊ रॉड आणि 6 पौंडी नायलॉन असेल तर तो ताण त्याच्या बाजूने काम करतो आणि त्याला संशय येत नाही. टोक वाकून वाकलेलंच राहिलं की रॉड उचला, दोरा आधी गुंडाळून घ्या आणि मग झटका द्या. शॅकमध्ये असाल तर हा मिनो कधी कधी बरबट मासाही घेईल, बामसारखा लांबडा, लीडरभोवती वेटोळं घालतो. घाबरू नका, खायला उत्तम असतो. लीडर मात्र नंतर बदला.

भाड्याच्या शॅकमध्ये भिंतीला रॅटल रील असतं, खुळखुळा असलेलं छोटं चाक. त्यावरचा जाड विणलेला दोरा बदलायच्या भानगडीत पडू नका. तो हाताने ओढायचा असतो, म्हणूनच जाड असतो. पुढे सहा-आठ फूट 8 पौंडी नायलॉन जोडला की झालं. बारीक ब्रेडेड मात्र कधीही बोटाला किंवा तळव्याला गुंडाळून ओढू नका. ओलं, थंड बोट आणि तो दोरा, चामडी कापली जाते आणि गारठ्यात ते लगेच कळतही नाही.

अख्ख्या रीलवर फ्लुरोकार्बन भरावा का? काही चांगले गरवणारे भरतात, विशेषतः ईरी सरोवरासारख्या नितळ, मोठ्या पाण्यावर. मी भरत नाही. छोट्या रीलवर तो फार उसळतो आणि पैसेही जास्त पडतात. पाइकसाठी लीडर वेगळा, जाड लागतो. ते माझं रोजचं काम नाही, म्हणून त्यात शिरत नाही. वॉलआयवर बसलेलं असताना पाइक आला आणि दोरा कापून गेला तर वाईट वाटून घेऊ नका. त्याच्या भीतीने जाड दोरा लावलात तर वॉलआयही येणार नाहीत.

गाठींचं एवढंच. ब्रेडेडला पालोमर गाठ बांधा, साधी क्लिंच त्यावर घसरते. नायलॉनला सुधारित क्लिंच पुरते. फ्लुरोकार्बनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा आणि हळू आवळा. कोरडी ओढली तर घर्षणाने तो तिथेच दुबळा होतो आणि मासा लागेपर्यंत ते दिसत नाही. आणि हे सगळं घरी, दिव्याखाली, उबदार बोटांनी करा. मी आदल्या रात्री आठ-दहा लीडर तयार करतो, एका टोकाला स्विव्हल, दुसऱ्या टोकाला बारीक क्लिप, आणि जाड पुठ्ठ्याच्या खाचांत गुंडाळून ठेवतो. भोकाशी तुटला तर ब्रेडेडची किंवा नायलॉनची एकच गाठ मारावी लागते.

नायलॉन दर हिवाळ्याला नवा भरा. तो पाणी शोषतो आणि रीलवरची वेटोळी कायमची धरतो, शिवाय स्वस्तही आहे. फ्लुरोकार्बनचं एक छोटं रीळ लीडरसाठी दोन हिवाळे पुरतं. ब्रेडेड तीन-चार वर्षं चालतो. मधे एकदा उलटा गुंडाळला की आतला न वापरलेला भाग वर येतो.

म्हणजे तुम्हाला नव्याने घ्यायचंय ते 6 पौंडी बर्फाच्या नायलॉनचं एक रीळ, जे मिल लॅक्सच्या हातातल्या रॉडवर आणि दोन्हीकडच्या टेकवलेल्या रॉडवर जाईल, 6 आणि 8 पौंडी फ्लुरोकार्बनची दोन छोटी रिळं, आणि सगळ्यात लहान मापाच्या स्विव्हलचं एक पाकीट. 8 पौंडी लीडर ब्रेडेडपुढे, 6 पौंडी नायलॉनपुढे. मिल लॅक्सला वॉलआय ठेवण्याचे नियम राज्याच्या इतर तळ्यांपेक्षा वेगळे असतात आणि बदलत राहतात, जाण्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या. आणि डिसेंबरात निघणार असाल तर पायी चालायला किमान चार इंच नितळ, घट्ट बर्फ हवा. दर थोड्या अंतरावर खणून मोजत जा, पहिल्या भोकाच्या जाडीवर पुढे चालू नका.

तीस फुटांहून खोल पाण्यातून काढलेला वॉलआय परत सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही, दाब बदलून आतला वाताशय फुगलेला असतो. तेव्हा लेक ऑफ द वूड्सवर त्या खोलीला पकडलेले मासे मर्यादेइतके झाले की दोरे वर घ्या, किंवा शॅकवाल्याला उथळ जागा विचारा. उथळ जागी गेलात, वीस फुटांच्या आत, तर ब्रेडेड काढून नायलॉनची रॉड हातात घ्या. तिथे ब्रेडेडचा फायदा उरत नाही आणि जवळच्या अंतरावर त्याचा कडकपणा तुम्हाला पुन्हा मासे सोडायला लावेल.